मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव

ज्यांना कधी बैल घेऊन राज्याची हद्द ओलांडावी लागली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मीही परवापर्यंत त्यांच्यातलाच होतो. औरंगाबादेत एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करतो. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, सुटलेली पानं चिकटवायची. बैलाच्या कासऱ्याला शेवटचा हात लावला त्याला वीस वर्षं झाली असतील. पण माघात माझा थोरला भाऊ किसन कावीळ होऊन गेला, आणि फाल्गुनात त्याचे दोन बैल आंध्रात पोचवण्याचं काम माझ्याकडं आलं.

काम सांगायला सोपं होतं. दादा गेल्यावर आमच्या चुलत्यांनी वहिनीला घरात राहणं अवघड करून टाकलं. बैलही घरचेच आहेत, तुझे नाहीत, असं ते तिला तोंडावर म्हणाले. सुभद्रावहिनी लेकीला घेऊन माहेरी गेली. तिचं माहेर बोधनच्या पुढं, हद्दीपलीकडं. तिथल्या एका पटेलानं तिला शब्द दिला होता: पाडव्याच्या आधी जोडी घेऊन आलीस तर पाच एकर बटाईनं तुझ्या नावावर करतो. त्या भागात रीत अशी की जोडी ज्याची, बटाई त्याची. बैल दुसऱ्या कोणाचे ठरले तर जमीन त्याला मिळणार, आणि वहिनी त्याच्या हाताखाली रोजानं जाणार. तिच्या भावाचा त्या पाच एकरांवर डोळा होताच. हे सगळं तिनं कोणाकडून तरी पोस्टकार्डावर लिहवून पाठवलं होतं. शेवटी एकच ओळ होती: भाऊजी, बैल माझ्या नावानंच आणा.

पाडव्याला नऊ दिवस होते.

देवगाव फाटा

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, जीपवाल्यांच्या हाका, आणि लिंबाखाली पटका सोडून बसलेले ज्ञानोबामामा. मामा आमच्या शेताचे शेजारी. बांधाला बांध. त्यांची तीन एकर जमीन, आमची दोन. दादा गेल्यापासून बैल त्यांच्याच गोठ्यात होते. चुलते बैल सोडायला आले तेव्हा मामांनी त्यांना सांगितलं होतं, "किसनच्या बाईला ईचारून ये, मंग सोड."

"या पुस्तकवाले," मामा म्हणाले. "लय वाळलाव की. तिकडं खायाला भेटत न्हाई, का नुसतं वाचतावच?"

"बैल कसे आहेत?"

"हिऱ्या बेस हाय. बाशिंग्यानं दोन दिस वैरन तोंडात धरली न्हाई. दाराकडं बगत उभा. मंग म्या किसनचं घोंगडं त्याच्या पाठीवर टाकलं, तवा खाल्लं."

दादाला पोचवायला मी आलो होतो, पण त्याचं घोंगडं कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. ते एका बैलाला माहीत होतं.

मामांच्या घरी गेलो. अंगणात बाज टाकली होती. मामींनी चहा केला आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून एक कप काढून, विसळून, त्यात मला दिला. मामांचा कप घरातून आला. हा कोनाडा मी लहानपणापासून ओळखतो. ज्या माणसानं दीड महिना माझ्या भावाच्या बैलांना स्वतःच्या कडब्यातला कडबा घातला, जो माझ्या वहिनीसाठी माझ्या सख्ख्या चुलत्याशी भांडला, त्याच्या घरी माझा कप अजून गोठ्यात राहतो. मी चहा प्यालो. या गोष्टीचा राग कुठं ठेवायचा ते मला आजही कळलेलं नाही.

तालुक्याच्या गावी

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातला पर्यवेक्षक चांगला माणूस. त्यानं बैलांना लाळ-खुरकुताची लस टोचली आणि हात वर केले. हद्दीपलीकडं न्यायचं तर बैल निरोगी असल्याचा दाखला लागतो, आणि त्यावर त्याची सही चालत नाही. सही लागते ती सरकारी यादीत नाव असलेल्या डॉक्टरची, गोल शिक्क्यासह. आमच्या भागातली जागा बरेच दिवस रिकामी. तिचा कारभार शेजारच्या तालुक्याच्या डॉक्टरकडं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तो डॉक्टर काही एकटाच तसा नाही.

पहाटे बैल हाकत निघालो, ऊन तापायच्या आत पोचलो. डॉक्टर अकराला आले. तोवर मी अर्ज लिहिला. दादानं जोडी घेतली तेव्हाची बाजाराची पावती माझ्याकडं होती. तिच्यावरून एकेक ओळ वळणदार अक्षरात उतरवली: रंग लाल, जात कंधारी, शिंगं आखूड, डाव्या कानाला चीर, दात चार. बैल माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांचं तोंड उघडून पाहावं हे माझ्या मनातही आलं नाही. छापलेल्यावर आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवण्यातच माझं आयुष्य गेलं आहे.

शिपायानं हिऱ्याचा जबडा उघडला. "आठ, साहेब. जुळलाय." जुळलाय म्हणजे सगळे दात आले. मग बाशिंग्याचा. "ह्योबी जुळलाय."

डॉक्टरांनी माझ्या अर्जावर बोट ठेवलं. "पावतीत चार. अर्जात चार. तोंडात आठ."

"पावती अडीच वर्षांपूर्वीची आहे, साहेब. दात नंतर आले असतील."

"पावती जुनी असेल. अर्ज तर तुम्ही आत्ता लिहिलाय ना?"

इथपर्यंत ते बरोबर होते. चूक माझी होती, आणि मी ती कबूल केली. दुसरा अर्ज लिहितो म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आडनाव काय?"

मी सांगितलं.

मग त्यांनी बैलांकडं पुन्हा पाहिलं. बैल तेच होते. तांबूस, भरल्या वशिंडाचे, दोघांची उंची जणू एका दोरीनं मोजलेली. पण आता डॉक्टरांना ते निराळे दिसत असावेत.

"अशी जोडी तुमच्याकडं कशी?"

"भावानं विकत घेतली. पावती आहे."

"पावतीतले बैल हेच कशावरून? दात जुळत नाहीत. उद्या हद्दीवर चोरीचे निघाले तर सही माझी आहे."

अशा वेळी मी नेहमीच गप्प बसतो. बोलले ते मामा.

"ओ डॉक्टरसाहेब, बैल तपासायचे तर बैल तपासा. मानसं कामून तपासायलाव?"

"तुम्ही कोण?"

"म्या शेजारी. बांधाला बांध हाय."

"कोणाचे?"

मामांनी आपलं नाव सांगितलं, घराणं सांगितलं. डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "मग असं करा. तुमच्या नावावर अर्ज द्या. आत्ता सही करतो."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितो आहे. बैल तेच, कान तेच, दात आठच. नाव बदललं की आठ दातांची अडचण संपत होती.

मामा म्हणाले, "इचार करून सांगतो." आम्ही बैल सोडले.

परतीच्या वाटेवर ओढ्याकाठी बैलांना पाणी दाखवलं, आणि मामांनी तो विषय काढला. "घेऊ की माझं नाव. काय फरक पडायलाय? काम तर व्हईल."

"वहिनीला जमीन मिळणार नाही, मामा. बैल तुमचे ठरतील."

"म्या काय बैल घेऊन पळायलोय का?"

"तुम्ही नाही. पण तिथला पटेल कागद बघणार. तिचा भाऊ कागद बघणार. आणि इथं चुलते म्हणतील, बघा, बैल तिचे नव्हतेच."

मामा चिडले. "तुमा शिकलेल्यांचं लय अवघड असतंय. किसन असता तर म्हनला असता, करा मामा."

ते खरं असेल. दादा तसा होता. पण दादानं ही जोडी कशी घेतली ते मामांनाही ठाऊक होतं. नामांतराच्या ठरावानंतरच्या त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर आग आली तेव्हा दादाचा गोठा जळाला, आणि त्यात त्याची पहिली जोडी गेली. पुढं कित्येक वर्षं तो दुसऱ्याच्या बैलांनी पैरा करून, म्हणजे बैलांच्या बदल्यात स्वतः राबून, शेती करत होता. शेवटी वहिनीनं माहेरून आणलेले चांदीचे वाळे आणि दंडातली वाकी मोडली, तेव्हा ही जोडी आली. अशी जोडी तुमच्याकडं कशी, या प्रश्नाचं उत्तर हे होतं. मी ते त्या डॉक्टरांना दिलं नाही. दिलं असतं तरी त्या अर्जात ते लिहायला जागा नव्हती.

वेशीजवळ आल्यावर मामा म्हणाले, "पावती लिवनारा मुन्शी पाथरीला ऱ्हातो. बगा बोलून." आणि थोडं थांबून, "म्याबी येतो."

पाथरी

पाथरीला आम्ही जीपनं गेलो. मामा टपावर बसले, कारण आत बसलं की त्यांना गरगरतं. करीममुन्शींचं घर सापडायला वेळ लागला नाही. कितीतरी वर्षं जनावरांच्या बाजारात त्यांनी पावत्या लिहिल्या आहेत. आता डोळ्याला कमी दिसतं, पण बाजाराचा शिक्का अजून त्यांच्याच ट्रंकेत असतो.

मी सगळी हकीकत सांगितली. दातांपाशी आलो तसे ते हसायला लागले.

"अहो गुरुजी, जनावराला दात फुटतेत, कागदाला कुठून फुटनार? चार दाती लिवलो, अडीच साल झाली. आज चारच ऱ्हायले असते तर मी म्हनलो असतो, चोरीचा हाय!"

ट्रंकेतून पावत्यांच्या स्थळप्रती निघाल्या. धूळ झटकत, बोटाला थुंकी लावत त्यांनी पानं उलटली. दादाचं पान सापडलं.

"किसन... हौ, याद हाय. तो बाजूला उभा होता गरीब गायीवानी. बैलाचं तोंड उघडली त्याची बायको. दात मोजली, खूर उचलून बघली. सगळा बाजार हसायला लागला. एक दलाल म्हनला, बाई, नवऱ्याचे दात मोजलीस का? ती म्हनली, त्याचे मोजूनच केला, आता ह्याचे मोजतेय."

मी हसलो. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो असेन. दादानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी पत्रात नुसत्या खुशालीच्या ओळी वाचल्या असतील.

मुन्शींनी कोरा कागद घेतला आणि शिनाख्त लिहून दिली. शिनाख्त म्हणजे ओळख पटल्याचा दाखला, हा शब्द निजामाच्या कचेरीतून आमच्याकडं राहिलेला. ओळींना एक बाज होता: सदर जोडी डाव्या कानाच्या चिरेवरून तीच, खरेदीवेळी चार दाती, आजमितीस जुळलेली असणे वयाला धरून आहे. मी विचारलं, वहिनीचं नाव घालाल का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जे पाहिलो ते लिवतो." आणि लिहिलं: खरेदीवेळी किसन व त्याची बायको सुभद्रा दोघे हजर. जनावरांची पारख बाईने केली. रक्कम बाईच्या हातून मिळाली.

मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ, कच्चा कांदा आणि तिळाची चटणी. मधे एकच मोठी थाळी. मुन्शींनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली. आमच्याकडं पंगतीला प्रत्येकाचं ताट वेगळं, इथं दाळीत दोघांची बोटं. मला फार भूक लागली आहे हे तेव्हा कळलं.

मामा उंबऱ्याबाहेर बसून होते. भाकरी नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मुन्शींनी आग्रह केला नाही, त्यांना सवय असावी. परत येताना मामांनी स्टँडवर शेंगदाणे घेतले आणि पुडी माझ्यापुढं धरली. मी घेतले नाहीत. ते मामांना समजलं, आणि त्यांनी पुडी दुमडली.

परभणी

पाडव्याला दोन दिवस उरले होते. त्या डॉक्टरकडं पुन्हा जायचं नव्हतं; यादीतला दुसरा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीला असतो असं कळलं. निजामाबादेहून तांदूळ आणायला रिकामा जाणारा एक ट्रक मामांनी ठरवला. ड्रायव्हर बालाजी, वसमतकडचा, तोंडात सतत बडीशेप. तो म्हणाला, परभणीत कागद झाला तर पुढं, नाही झाला तर बैल परभणीतच उतरवीन, मला थांबता येणार नाही. म्हणजे सही झाली नाही तर दोन बैल, एक ग्रंथपाल आणि एक म्हातारा परभणीच्या रस्त्यावर.

परभणीत आधी आम्ही पशुवैद्यकाच्या कॉलेजात गेलो. तिथल्या एका प्राध्यापकांनी ट्रकच्या फाळक्यावर चढून बैल पाहिले, वशिंडावर हात फिरवला, आणि अशी जोडी विद्यार्थ्यांना दाखवायला हवी म्हणाले. सगळ्या जिल्ह्याचे डॉक्टर ज्यांच्या हाताखाली शिकून निघतात, त्या माणसाला दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नाही, कारण यादीत नाव नाही. त्यांनाही ते विचित्र वाटत होतं. त्यांनी यादीतल्या डॉक्टरचा पत्ता दिला.

तिथं अंगणात व्यापाऱ्यांची गर्दी होती. म्हशी, गोऱ्हे, शेळ्या. बैल खाली उतरवल्याशिवाय तपासणी नाही. उतरवायला चढ-उताराचा धक्का नव्हता. बालाजीनं ट्रक मुरमाच्या ढिगाला लावला. हिऱ्या उतरला. बाशिंग्या पुढचे पाय फाळक्यावर ठेवून तसाच उभा राहिला. मी दोरी ओढली, त्यानं मान हिसडली, आणि मी मुरमावर आडवा झालो. व्यापारी हसले. मामांनी मला बाजूला केलं, बाशिंग्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले, आणि तो नव्या नवरीसारखा एकेक पाऊल टाकत खाली आला.

डॉक्टर वयानं मोठे, खोकल्यानं बेजार, घाईत असलेले. पण त्यांनी काम केलं. ताप मोजला, खुरांच्या बेचक्या पाहिल्या, जीभ ओढून पाहिली. या वेळी अर्जात मी दात आठ लिहिले होते, दोन्ही तोंडांत स्वतः बोट घालून मोजून. मुन्शींची शिनाख्त त्यांनी वाचली, मान डोलावली. मग छापील दाखला पुढं घेतला.

"मालक?"

"सुभद्रा किसन," मी आडनावासह सांगितलं.

पेन थांबलं. "कुठं आहे ती?"

"बैल जिथं चाललेत तिथं."

"मालक समोर हवा. तुमचं नाव टाकतो, सोपं जाईल."

"माझे बैल नाहीत."

मागं उभा असलेला एक व्यापारी म्हणाला, "ओ मास्तर, टाका की नाव. आमी दर हप्त्याला टाकतो. बैलाला काय कळायलंय कोनाचं नाव हाय?" बाकीचे हसले. दुसऱ्यानं माझ्या हातातल्या अर्जावर डोकावून आडनाव वाचलं आणि पहिल्याला, पण मला ऐकू येईल असं, म्हणाला, "ह्यांना नावाचं लय याड असतंय बाबा. विद्यापीठाला नाव पायजे, बैलालाबी नाव पायजे."

बाहेर बालाजीनं हॉर्न वाजवला.

ठराव होऊन वर्षं लोटली होती, विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव जुनंच होतं, आणि मधल्या काळात आमच्या वस्तीनं त्या नावासाठी काय दिलं ते या माणसाला सांगायला मला एक अख्खा दिवस लागला असता. मी त्याच्याकडं वळलो. म्हणालो, "तुमच्या म्हशीच्या दाखल्यावर माझं नाव टाकायला सांगतो. चालेल?"

तो हसायचा थांबला.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी डॉक्टरांच्या हातातला कागद मागितला. रागावलो की मी वाचतो, ती माझी जुनी खोड आहे. दाखला वरपासून खालपर्यंत वाचला. वर रकाना होता: जनावराच्या मालकाचे नाव. त्याच्या चार ओळी खाली, बारीक टायपात, दुसरा रकाना: जनावर घेऊन जाणाऱ्याचे नाव व सही. मालक समोर हवा असं कुठंही छापलेलं नव्हतं. व्यापारी स्वतःच मालक आणि स्वतःच घेऊन जाणारे, म्हणून वर्षानुवर्षं दोन्हीकडं एकच नाव पडत आलं होतं, आणि समोर जो उभा असेल तोच मालक, असा नियम आपोआप तयार झाला होता.

"साहेब, हे दोन रकाने वेगळे आहेत. वर तिचं लिहा. खाली माझं लिहा. सही मी करतो."

डॉक्टरांनी कागद परत घेतला, चष्मा वर केला, बारीक टाइप वाचला. खोकले. "इतकी वर्षं हे भरतोय," ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मग मुन्शींचा कागद पुन्हा पाहिला. "पारख बाईने केली? खरंच?"

"व्हय," दारातून मामा म्हणाले. "आन पैसंबी तिचंच. म्या शेजारी हाव. म्या सांगतो. लागलं तर अंगठा घ्या माजा."

डॉक्टरांनी वरच्या रकान्यात वहिनीचं नाव लिहिलं. गोल शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत मी कागदावर फुंकर घालत उभा होतो.

मामा परभणीहून मागं फिरणार होते. बैल ट्रकमध्ये चढल्यावर त्यांनी खांद्यावरचं दादाचं घोंगडं बाशिंग्याच्या पाठीवर टाकलं. मग मला म्हणाले, "परत आलाव की घरी या. चहाला." मला त्यांना विचारायचं होतं, कोणत्या कपात? मी नुसतं हो म्हणालो. त्यांनी माझ्या भावाच्या बैलांसाठी अंगठा द्यायची तयारी दाखवली होती, आणि मला त्यांच्यावर अजून राग होता. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

हद्द

बिलोलीच्या पुढच्या नाक्यावर सकाळी पोचलो. शिपायानं दाखला उलटसुलट केला, फाळक्यावर चढून बैल मोजले. दोनच होते, तरी दोनदा मोजले. "सुभद्रा कोण?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "मग तुम्ही कोण?" मी बारीक टाइप दाखवला. घेऊन जाणारा. त्यानं मला हातानंच पुढं जायला सांगितलं.

पलीकडं रस्ता तसाच, बाभळीही तशाच, पण कालवा आला आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली. आमच्या काळ्या कोरड्या रानातून येणाऱ्या डोळ्यांना ती हिरवाई खोटी वाटते. चहाच्या टपरीवर मी आपला कप विसळायला उठलो तर टपरीवाल्यानं तो हातातून काढून घेतला, तेलुगूत काहीतरी म्हणाला, आणि इतर कपांत टाकला. तो मला ओळखत नव्हता, एवढंच. तरी मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

वहिनीचं गाव

दुपारी पोचलो. पाडवा दुसऱ्या दिवशी होता. ट्रकच्या आवाजानं वहिनी धावत बाहेर आली. दादाला पोचवल्यानंतर मी तिला पाहिलं नव्हतं. गळा मोकळा, हात मोकळे, आणि वजन निम्मं झालेलं. ती माझ्याशी बोलली नाही, बैलांशीही नाही. बाशिंग्याच्या पाठीवरच्या घोंगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. मी नजर फिरवली.

थोड्या वेळानं मी तिला दाखला दिला. तिला वाचता येत नाही. मी वरचा रकाना दाखवला. "हे तुमचं नाव, वहिनी. मालक."

"त्यांचं नाव कुठंय?"

मी त्याच ओळीत बोट पुढं सरकवलं. "हे किसन."

"दोघं एकाच वळीत हाय?"

"हो."

तिनं कागद घडी न करता, तसाच उलगडलेला हातात धरला.

पटेल संध्याकाळी आले. धोतर, पांढरा सदरा, मागं गडी. तिचा भाऊ मारुती पुढं झाला, नमस्कार केला, खाट टाकली. पटेल खाटेवर बसले नाहीत. बैलांभोवती एक फेरी मारली, खुरांपासून शिंगांपर्यंत पाहिलं, आणि तेलुगू मिसळलेल्या मराठीत विचारलं, "चांगली जोडी आहे. कोणाची?"

मारुतीनं तोंड उघडलं. आणि खरं सांगायचं तर मीही उघडलं. सात-आठ दिवस मी तेच करत होतो, तिच्या वतीनं तिचं नाव सांगत होतो, आणि आता तर ती समोर उभी होती.

"माझी," वहिनी म्हणाली.

तिनं कागद पुढं केला. पटेलांनी तो वाचला, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. मारुतीला काहीतरी सांगायचं होतं. पटेलांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"उद्या सकाळी वाड्यावर ये," ते म्हणाले. "तूच ये. ह्यांना आणू नको."

आम्ही दोघं, ज्यांना आणायचं नव्हतं, तिथंच उभे राहिलो. वहिनी बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेली.